सावित्रीचा पूल : पाण्यावरचा आणि पाण्याखालचा

महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान, राजेवाडी फाट्याजवळ मुंबई-गोवा महामार्ग सावित्री नदी ओलांडतो. आज तेथून जाणाऱ्या प्रवाशाला रुंद आणि भक्कम पूल लागतो. वाहन वेगात असेल, तर नदी केव्हा आली आणि केव्हा मागे पडली हेही ध्यानात येत नाही. मात्र पावसाळ्याच्या रात्री याच ठिकाणी वाहनाचा वेग आपोआप कमी करणारे चालक कोकणच्या रस्त्यावर अजूनही भेटतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री येथे काय घडले, ते त्यांच्या स्मरणातून गेलेले नाही.

त्या रात्री मुसळधार पाऊस सुरू होता. सावित्रीला मोठा पूर आला होता. साडेअकराच्या सुमारास नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला. अंधारात आणि पावसात समोरचा रस्ताच नाहीसा झाला आहे, हे मुंबईच्या दिशेने येणाऱ्या वाहनांना कळले नाही. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटी महामंडळाच्या दोन बस आणि एक तवेरा मोटार पुराच्या पाण्यात गेली. मृत आणि बेपत्ता मिळून ही संख्या चाळीसच्या घरात पोहोचली. पुलालगतच्या एका गॅरेजमधील कामगाराच्या लक्षात हा प्रकार आला, त्याने धावपळ करून मागून येणारी वाहने थांबविली आणि पोलिसांपर्यंत खबर पोहोचविली. अन्यथा आणखी किती वाहने नदीत गेली असती, याचा अंदाजही करवत नाही.

या पुलाची कहाणी एका दुर्घटनेपुरती नाही. जुने पूल का उभे राहतात, का पडतात, नवे पूल किती लवकर बांधता येतात आणि बांधल्यावर त्यांच्याकडे कोण पाहते, हे सारे प्रश्न सावित्रीच्या या एका ठिकाणी एकत्र आले आहेत.

आधी पाण्याची वाट, मग दगडाची

सावित्रीचा उगम महाबळेश्वरचा. कृष्णा, कोयना आणि वेण्णा या तिच्या बहिणी पूर्वेला देशावर उतरतात, सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात झेप घेते. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंचीच्या आसपास निघालेली ही नदी पोलादपूर, महाडवरून वाहत सुमारे शंभर किलोमीटरच्या प्रवासात हरिहरेश्वर आणि बाणकोटच्या मध्ये अरबी समुद्राला मिळते. उगमाशी वर्षाला पाच ते सहा हजार मिलीमीटर पाऊस, त्यानंतर उभा डोंगरउतार आणि शेवटी भरती-ओहोटीची खाडी, असा तिचा स्वभाव आहे. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की काही तासांत खालची नदी फुगते. त्याच वेळी समुद्राला भरती असेल, तर पाण्याला पुढे सरकायला वाव उरत नाही आणि महाड शहरात पाणी शिरते. महाडकरांना हे गणित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

याच खाडीमुळे महाड हे एकेकाळी भरभराटीचे व्यापारी ठिकाण होते. रस्त्यापेक्षा पाण्याची वाट जवळची आणि सोयीची होती. डिसेंबर १९२७ मधील महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघून सावित्रीच्या खाडीतील दासगाव बंदरात उतरले होते आणि तेथून महाडला पोहोचले होते. बोटीने दासगाव आणि पुढे महाड ही वाट त्या काळी रुळलेली होती.

त्याच सुमारास चित्र बदलू लागले होते. मोटारींचे युग येऊ घातले होते आणि कोकणातील नद्यांवर पूल बांधल्याशिवाय मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा सलग रस्ता होणे शक्य नव्हते. सावित्रीवरील दगडी कमानींचा पूल १९२८ मध्ये उभा राहिला. ज्यांच्यासाठी तो बांधला गेला, ती वाहने म्हणजे बैलगाड्या, टांगे आणि तुरळक मोटारी. पुढे किनाऱ्यावरची बोटवाहतूक मागे पडली आणि रस्ता हाच कोकणचा मुख्य आधार झाला. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू होईपर्यंत मुंबईच्या चाकरमान्याला गणपतीसाठी गावी जायचे, तर एसटी आणि हे पूल यांच्यावरच भिस्त होती. रेल्वे आल्यानंतरही रस्त्यावरचा भार हलका झाला नाही. महाड आणि लोटे येथील औद्योगिक वसाहती, बंदरांकडे जाणारी अवजड वाहने, पर्यटक आणि एसटी असा सारा पसारा वाढतच गेला. पूर्वी १७ क्रमांकाने ओळखला जाणारा आणि आता ६६ क्रमांक असलेला हा राष्ट्रीय महामार्ग आपली वाहतूक एका शतकाजवळ पोहोचलेल्या कमानींवरून नेत होता. शेजारी दुसरा पूल बांधल्यानंतर जुन्या पुलावरून एकाच दिशेची, मुंबईकडे येणारी वाहतूक होऊ लागली. जुना पूल मात्र वापरातून गेला नाही.

कमान उभी कशी राहते?

दगडी कमानीच्या पुलाचे शास्त्र साधे आणि तितकेच चातुर्याचे आहे. दगड दाब सहन करण्यात अतिशय पक्का असतो, ताण सहन करण्यात मात्र कच्चा. त्यामुळे पुलाची रचनाच अशी केली जाते, की वरच्या वाहनाचे आणि पुलाचे स्वतःचे वजन कमानीतल्या प्रत्येक दगडाला शेजारच्या दगडावर दाबून धरते. हा दाब कमानीतून खांबात, खांबातून पायात आणि पायातून नदीच्या तळात उतरतो. यात लोखंड नसते, त्यामुळे गंजण्याचा प्रश्न नसतो. म्हणूनच असे पूल शंभर-दीडशे वर्षे टिकल्याची उदाहरणे जागोजागी सापडतात.

या रचनेत एक मेख आहे. शेजारशेजारच्या कमानी खांबाला दोन्ही बाजूंनी रेटत असतात आणि दोन्हीकडचा रेटा सारखा असल्यामुळे खांब सरळ उभा राहतो. एखादा खांब खचला किंवा एक कमान निखळली, की तो तोल बिघडतो. मग पलीकडच्या कमानीचा रेटा अडविणारे काही उरत नाही आणि एकामागोमाग एक कमानी ढासळू शकतात. आधी तडे, मग वाकणे, मग पडणे असा पुरेसा अवधी लोखंडी पूल अनेकदा देतो. दगडी कमान मात्र बराच काळ काहीही न दाखवता उभी राहते आणि पडते तेव्हा क्षणात पडते.

कमानींच्या जुन्या पुलांचा आणखी एक दोष म्हणजे नदीच्या पात्रात त्यांनी अडविलेली जागा. कमान फार लांब करता येत नसल्याने खांब जवळजवळ आणि जाड बांधावे लागतात. साहजिकच पुराच्या पाण्याला वाहण्यासाठी मिळणारी वाट अरुंद होते. पाणी तुंबते, खांबांमधून जाताना त्याचा वेग वाढतो आणि त्यासोबत वाहून आलेली झाडे, ओंडके पुलाला अडकून पाण्याचा दाब आणखी वाढवतात.

उन्हाळ्यात न दिसणारा खड्डा

जगभरात नदीवरील पूल पडण्यामागचे एक प्रमुख कारण वाहनांचे वजन हे नसून पायाखालची झीज हे आहे. अभियंते तिला ‘स्कावर’ म्हणतात. पुराचे पाणी खांबावर आदळते, तेव्हा त्याचा काही भाग वळून खाली तळाकडे जातो. खांबाच्या बुडाशी भोवरे तयार होतात आणि ते तळातील वाळू, माती उकरून काढतात. समुद्रकिनारी लाटेत उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालून वाळू सरकते, तसाच हा प्रकार आहे. पाया पुरेसा खोल किंवा थेट कातळात बसविलेला नसेल, तर प्रत्येक पुरात तो थोडा थोडा उघडा पडत जातो.

यातील खरी अडचण पुढे आहे. पूर ओसरताना पाण्याचा वेग मंदावतो आणि सोबतचा गाळ त्याच खड्ड्यात बसतो. उन्हाळ्यात पात्र उथळ असताना कोणी पाहणीला गेले, तर खांबाभोवती सपाट, स्वस्थ जमीन दिसते. तो भरलेला गाळ सैल असतो आणि पुढच्या पुरात पहिल्या काही तासांतच वाहून जातो. म्हणजे पुलाला सर्वाधिक धोका असतो तेव्हा तेथे पाहायला कोणी उतरू शकत नाही आणि पाहणी होते तेव्हा धोका नजरेआड गेलेला असतो. वाळूच्या उपशामुळे नदीचा तळच खाली जात असेल, तर ही झीज अधिकच वाढते. सावित्रीच्या खाडीतील वाळूउपसा हा महाड परिसरातील जुना वादाचा विषय आहे.

सावित्रीवरील पुलाची मे २०१६ मध्ये पाहणी झाली होती आणि त्यात पुलाला धोका असल्याचे आढळले नव्हते, असे दुर्घटनेनंतर शासनाच्या वतीने सांगण्यात आले. महाबळेश्वर परिसरातील अतिवृष्टीमुळे सावित्रीला आलेल्या पुराचा दाब हे प्राथमिक कारण असल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले. पुढे न्यायालयीन चौकशी आयोगही नेमण्यात आला. दोषाची चर्चा त्या त्या ठिकाणी झाली, होत राहील. मात्र पाहणी आणि दुर्घटना यांत जेमतेम तीन महिन्यांचे अंतर असावे, ही बाब कोणा एका अधिकाऱ्यापेक्षा पाहणीच्या पद्धतीविषयी अधिक बोलकी आहे. कठडे शाबूत आहेत का, रस्त्याला खड्डे आहेत का, दगडांच्या सांध्यांत झुडपे उगवली आहेत का, हे वरून दिसते. पाया कसा आहे, हे वरून दिसत नाही. त्यासाठी पाणबुडे, खोली मोजणारी उपकरणे आणि दरवर्षीच्या मोजमापांची नोंद लागते. मागच्या वर्षी तळ कोठे होता हे माहीत नसेल, तर यंदा तो किती खाली गेला हे कळण्याचा मार्ग नाही.

‘साहेबाच्या पत्रा’ची कथा

सावित्रीचा पूल पडल्यानंतर कोकणात एक कथा पुन्हा सांगितली जाऊ लागली. पुलाचे आयुष्य संपले आहे, असे कळविणारे पत्र पूल बांधणाऱ्या कंपनीने विलायतेहून पाठविले होते, अशी ती कथा. महाराष्ट्रातील जवळपास प्रत्येक जुन्या पुलाबाबत ती ऐकायला मिळते. साहेबाची शिस्त आणि आपला ढिसाळपणा यांची तुलना करायला ती सोयीची असल्याने ती लोकप्रिय झाली असावी.

या कथेत एक गैरसमज दडलेला आहे. औषधाच्या वेष्टनावर असते तशी पुलावर मुदत छापलेली नसते. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला. सावित्रीच्या पुलाचाच तो समवयस्क. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर अंगावर घेऊन तो उभा आहे आणि सांगलीकर आजही पुराची पातळी त्याच्यावरील खुणांवरून सांगतात. याउलट गुजरातेत आणंद आणि वडोदरा जिल्ह्यांना जोडणारा, मही नदीवरील गंभीरा पूल १९८५ चा. तो ९ जुलै २०२५ रोजी भर वाहतुकीत तुटला आणि वाहने नदीत कोसळून वीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे ८८ वर्षांचा पूल पडतो, ९० वर्षे ओलांडलेला पूल उभा राहतो आणि चाळिशीचा पूल कोसळतो. वय हा इशारा आहे, निकाल नव्हे. निकाल देते ती पाहणी आणि तिच्यानंतरची दुरुस्ती.

पाहणी झाली आणि पूल धोकादायक ठरला, तरी तेवढ्याने काम संपत नाही. मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा बळी गेला. हा पूल धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झालेले होते, फलकही होता. फलकाने माणसे थांबत नाहीत. पूल प्रत्यक्ष बंद करावा लागतो आणि बंद करायचा तर लोकांना जाण्यासाठी दुसरी वाट द्यावी लागते. सावित्रीवर तर शेजारीच दुसरा पूल उभा होता, हे विसरता येणार नाही.

१६५ दिवसांचा पूल

दुर्घटनेनंतरचे दिवस शोधाचे होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, तटरक्षक दल आणि स्थानिक मच्छीमार नदीत उतरले. पाण्याला प्रचंड ओढ होती, पाणी गढूळ होते आणि सावित्रीतील मगरींची धास्ती होती. क्रेनला सुमारे ३०० किलो वजनाचे लोहचुंबक बांधून ते पाण्यात सोडण्यात आले. बसचे सांगाडे हाती लागायला आठवड्याहून अधिक काळ गेला. काही मृतदेह दूर समुद्रकिनाऱ्यावर सापडले, काही प्रवाशांचा पत्ता अखेरपर्यंत लागला नाही.

नव्या पुलाचे काम मात्र विलक्षण वेगाने झाले. सहा महिन्यांची मुदत ठरविण्यात आली होती. प्रत्यक्षात १६५ दिवसांत पूल पूर्ण झाला आणि ५ जून २०१७ रोजी, म्हणजे पुढचा पावसाळा सुरू होण्याच्या तोंडावर, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. पुलाची लांबी २३९ मीटर, रुंदी १६ मीटर. खर्च सुमारे ३५ कोटी ७७ लाख रुपये. पुराची पातळी धोक्याची मर्यादा ओलांडू लागल्यास आगाऊ सूचना देणारी यंत्रणा पुलाला जोडली जाईल, असेही त्या वेळी जाहीर करण्यात आले.

ही कामगिरी दाद देण्याजोगी आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यासोबतच दुसरा प्रश्न उभा राहतो. जो पूल १६५ दिवसांत होऊ शकतो, तो आधी का झाला नाही? याच महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि एक दशक उलटून गेल्यावरही रखडत राहिले. भूसंपादन, वनखात्याच्या परवानग्या, कंत्राटदारांच्या अडचणी अशी कारणे वेळोवेळी दिली गेली. पैसा, यंत्रे आणि अभियंते तेव्हाही होते. नव्हती ती निकड, आणि ती निर्माण व्हायला चाळीस जणांचे जीव जावे लागले.

पुढचा प्रश्न

नव्या पुलाची पहिली मोठी परीक्षा जुलै २०२१ मध्ये झाली. २२ जुलैला महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. सावित्रीवरील नवा पूल त्या पुरात टिकला. याच अतिवृष्टीत चिपळूणला वाशिष्ठी नदीवरील जुन्या पुलाचा भाग खचला आणि महामार्ग बंद पडला. एकाच महामार्गावर, एकाच पावसात नव्या आणि जुन्या पुलांची ही दोन चित्रे दिसली.

म्हणून सर्व जुने पूल पाडून नवे बांधावेत, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो पुरेसा नाही. आजचा नवा पूल उद्याचा जुना पूल आहे. शिवाय काँक्रीटच्या पुलाची दुखणी दगडी पुलाहून वेगळी असतात. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत काँक्रीटमधील पोलाद गंजते. तुळयांखालील बेअरिंग झिजतात आणि ठरावीक काळाने बदलावी लागतात. दोन गाळ्यांमधील सांध्यांतून पाणी खाली झिरपते. ४० टनांहून अधिक वजनाची मालवाहू वाहने दिवसरात्र त्यावरून जातात. अशा पुलाला दगडी पुलाहून कमी नव्हे, तर अधिक काळजी लागते.

पावसाचे स्वरूपही बदलते आहे. थोड्या तासांत फार मोठा पाऊस पडण्याच्या घटना पश्चिम घाटात वाढत असल्याकडे हवामानशास्त्रज्ञ लक्ष वेधत आहेत. पूल बांधताना आजवरचा सर्वात मोठा पूर लक्षात घेऊन पाण्याची वाट ठेवली जाते. तो पूरच मोठा होत गेला, तर कागदावर सुरक्षित असलेला पूल प्रत्यक्षात अपुरा पडू शकतो.

महाडच्या दुर्घटनेनंतर राज्यातील ब्रिटिशकालीन पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी केंद्राने देशातील राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची आणि मोऱ्यांची एकत्रित नोंद ठेवणारी व्यवस्था सुरू केली आणि दीड लाखांहून अधिक लहानमोठ्या बांधकामांची यादी तयार झाली. प्रत्येक पुलाचे वय, प्रकार, प्रकृती एका ठिकाणी नोंदली जावी, हा त्यामागचा हेतू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक पुस्तिकेत पुलांची पाहणी कशी आणि केव्हा करावी, हे वर्षानुवर्षे लिहिलेले आहेच. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा पाहणी व्हावी, ही त्यातील साधी अपेक्षा आहे. यातील दुसरी पाहणी अधिक महत्त्वाची, कारण पुराने काय केले ते तेव्हाच ताजे असते. व्यवहारात मात्र मे महिन्यातील ‘पावसाळापूर्व’ पाहणीचाच गाजावाजा होतो.

सावित्रीच्या अनुभवातून निघणारी कामे फार अवघड नाहीत. मोठ्या नद्यांवरील जुन्या पुलांच्या पायांची पाण्याखालून तपासणी व्हावी आणि तळाच्या खोलीची नोंद दरवर्षी ठेवली जावी. प्रत्येक पुलावर पाण्याची एक रेषा ठरवावी आणि पाणी तिथवर पोहोचताच, पूल कितीही भक्कम दिसत असला तरी, वाहतूक थांबविण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला असावा. वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहण्यात रात्र निघून जाते. पाहणीचा अहवाल सार्वजनिक असावा, म्हणजे ज्या पुलावरून आपली मुले शाळेला जातात त्याची प्रकृती गावाला कळेल. आणि पुलाची देखभाल हा अंदाजपत्रकातील उरल्यासुरल्या पैशांतून करायचा खर्च राहू नये.

त्या रात्री सावित्रीवर धोक्याची सूचना देणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. होता तो गॅरेजमधला एक कामगार. तो जागा होता आणि त्याचे लक्ष होते, म्हणून मागची वाहने वाचली. नवा पूल त्याच्या ताकदीवर कितीतरी वर्षे उभा राहील. त्या काळात दर जून आणि दर ऑक्टोबरला त्याच्या बुडाशी जाऊन पाहणारे कोणी असेल का, यावर त्याचे भवितव्य ठरणार आहे.